डिप्रेशनची गोळी बदलताना: जुनी कोणत्या तारखेला बंद, नवी कोणत्या तारखेला चालू

नागपूरला मानेवाडा रोडवर माझं मेडिकल स्टोअर आहे, १९ वर्षं झाली. काउंटरवर एक प्रश्न मला सारखा येतो. "भाऊ, डॉक्टरनं गोळी बदलून दिली, पण जुनीच्या सात उरल्या आहेत, त्या संपवून मग नवी चालू करू का?" कोणी म्हणतं फेकायच्या कशाला, महाग आहेत. कोणी म्हणतं दोन्ही घेतल्या तर लवकर बरं वाटेल. विचारतात ते तरी बरे, न विचारता करणारे किती असतील कोणास ठाऊक.

हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारण माझ्या घरातलंच आहे. माझी मोठी बहीण, आम्ही तिला ताईच म्हणतो, हिंगण्याला राहते. ती एस्सिटालोप्राम २० मिलिग्रॅम या डिप्रेशनच्या गोळीवर होती, अडीच महिने झाले तरी सकाळी उठावंसं वाटून नाही राहिलं म्हणायची, म्हणून डॉक्टरांनी व्हेन्लाफॅक्सिन ७५ लिहून दिली. पर्चीवर नवी गोळी होती पण जुनी बंद करा असं वाचता येईल असं कुठंच नव्हतं, तोंडी सांगितलं असेल तर ते ताईच्या लक्षात नव्हतं, आणि गोळ्या मीच काढून दिल्या, मी पण विचारलं नाही की ताई जुनीचं काय ठरलं. तिनं चार दिवस दोन्ही पूर्ण डोसमध्ये घेतल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो तर तिच्या हातात चहाची बशी खडखड वाजून राहिली होती, ती बशी खाली ठेवू पण शकत नव्हती, कपाळावरून घाम गळत होता आणि खुर्चीवर बसल्या-बसल्या पाय आपोआप उडत होता. जावई म्हणाले सकाळपासून पाच-सहा वेळा जुलाब झाले, पाणीपुरीनं झालं असेल. पाणीपुरीनं पाय उडत नाही. रात्रीच इमर्जन्सीत नेलं, दोन्ही गोळ्या थांबवल्या, सलाईन लागलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतरलं. नशीब की लवकर कळलं.

तेव्हापासून डिप्रेशनची गोळी बदललेली पर्ची आली की मी एकच विचारतो, जुनी कोणत्या तारखेला बंद आणि नवी कोणत्या तारखेला चालू, कागदावर लिहून आणलं का? तो कागद नसेल तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन लावायला लावतो. खाली जे लिहून राहिलो ते पण त्या कागदासाठीच आहे, डोस ठरवायचं काम डॉक्टरांचंच, पण डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळतात तेव्हा काय विचारायचं आणि घरी आल्यावर काय पाहायचं हे आपल्याला माहीत पाहिजे.

पहिलं पाऊल: गोळी खरंच फेल गेली का ते पाहा

डिप्रेशनची गोळी दोन-चार दिवसांत काम करत नाही. बरोबर डोसवर, रोज, न चुकवता ४ ते ६ आठवडे झाले पाहिजेत तेव्हा कुठं म्हणता येतं की हिचा उपयोग होऊन नाही राहिला. खूपदा काय होतं, माणूस पहिल्या आठवड्यात मळमळ झाली म्हणून एक दिवसाआड घेतो, प्रवासाला गेला की विसरतो, आणि मग डॉक्टरला सांगतो की महिनाभर घेतली पण काही फरक नाही. डॉक्टर बिचारे बदलून देतात. बदलण्याआधी खरं खरं सांगा की किती चुकल्या, इथं लाजायचं काही कारण नाही, स्ट्रिप मोजली की कळतंच.

दुसरं, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ या तपासण्या झाल्या आहेत का विचारा. आपल्याकडं शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं काही नवीन नाही आणि थकवा, उदासी, विसरभोळेपणा हे सगळं त्यानं पण होतं. दारू रोज चालू असेल तर तेही सांगा, कारण तिच्यासोबत कोणतीच गोळी नीट काम करत नाही.

आणि एक गोष्ट जी घरच्यांनीच सांगायची असते, कारण पेशंटला ती आजार वाटतच नाही. आधी कधी असा काळ होता का की तीन-चार तास झोपून पण थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उडवले, मोठमोठे प्लॅन केले? असं असेल तर तो नुसतं डिप्रेशन नसून बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी असा अति उत्साह, असू शकतो, आणि तिथं गोळीमागून गोळी बदलत बसलं तर आजार उलट्या बाजूला भडकू शकतो. डॉक्टरांना हे सांगाच.

बाकी, पहिली गोळी लागू पडली नाही म्हणून खचून जाऊ नका. अमेरिकेत स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला होता, त्याचे निकाल २००६ मध्ये आले, पहिल्या गोळीनं एक तृतीयांशाच्या आसपास लोकांना पूर्ण आराम पडला, आणि ज्यांना नाही पडला त्यांना दुसरी दिली तेव्हा त्यातल्या साधारण चारातल्या एकाला पडला. सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन, ब्युप्रोपिऑन, तीन वेगवेगळ्या जातीच्या गोळ्या होत्या, फार फरक नव्हता त्यांच्यात. म्हणजे बदलावं लागणं हे नेहमीचंच आहे, तुमचं काही चुकलं म्हणून नाही.

दुसरं पाऊल: घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून न्या

सगळ्या म्हणजे सगळ्या. बीपीची, शुगरची, कंबरदुखीची, खोकल्याचं सिरप, आयुर्वेदिक चूर्ण, ऑनलाइन मागवलेल्या हर्बल कॅप्सूल. नावं तोंडी सांगू नका, गोळ्यांचे पत्ते (स्ट्रिप) न्या, कारण आपल्याकडं सारख्या आवाजाच्या नावांच्या गोळ्या इतक्या आहेत की आमच्यासारख्यांचा पण गोंधळ होतो.

या पिशवीत मी सगळ्यात आधी काय शोधतो सांगतो. कंबर-गुडघ्याच्या दुखण्यासाठी ट्रामाडोल असलेली गोळी. पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत येते, हाडाचे डॉक्टर लिहून देतात, घरात कोणाची तरी उरलेली पडलेली असते आणि शेजारची काकू म्हणते ही घे चांगली लागू पडते. डिप्रेशनच्या बहुतेक गोळ्यांसारखी ट्रामाडोल पण मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवते, ते अति झालं की ताईचं झालं तसं होतं, म्हणून डिप्रेशनच्या गोळीसोबत ती धोक्याची, फिट यायची शक्यता पण वाढते. कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन तसंच. मायग्रेनची सुमाट्रिप्टान, बायपोलरची लिथियम, आणि लिनेझोलिड हे अँटिबायोटिक, जे औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत पण देतात, ही पण त्याच यादीत. हर्बल कॅप्सूलमध्ये सेंट जॉन्स वर्ट लिहिलेलं असेल तर ती हर्बल म्हणून निरुपद्रवी समजू नका. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन जातीची दुखण्याची गोळी रोज चालू असेल तर पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते, ते पण सांगा. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या ताई-काकूंनी तर नक्की सांगावं, कारण फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन या दोन गोळ्या टॅमॉक्सिफेनचा असर कमी करू शकतात.

आता एक खास आपल्याकडची भानगड, आणि हिच्यावर मी जरा थांबणार आहे. तुमच्या जुन्या गोळीच्या नावापुढं 'प्लस' किंवा 'फोर्ट' असं काही आहे का पाहा. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम (झोपेची, घबराट कमी करायची गोळी) एकाच गोळीत अशी जोडगोळी आपल्याकडं फार चालते, पेशंटला वाटतं आपण एकच औषध घेऊन राहिलो. अ‍ॅमिट्रिप्टिलिनसोबत क्लोरडायझेपॉक्साइड अशी पण एक जोडी आहे. डॉक्टरांनी जोडगोळी बंद करून नवी साधी गोळी दिली की नकळत क्लोनाझेपाम पण एका रात्रीत बंद होतं. महिनोन्‌महिने घेतलेलं क्लोनाझेपाम असं धाडकन बंद केलं तर झोप पूर्ण उडते, जीव घाबरा होतो, हात कापतात, कधी फिट पण येते, आणि घरचे म्हणतात नवी गोळी सूट नाही झाली. नवीचा काही दोष नसतो बाप्पा, आतली दुसरी गोळी गेलेली असते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा की जुन्या गोळीत दोन औषधं आहेत, दुसऱ्याचं काय करायचं, ते वेगळं हळूहळू कमी करायचं का?

तिसरं पाऊल: डॉक्टर कोणत्या रस्त्यानं बदलून राहिलेत ते समजून घ्या

रस्ते चार आहेत. पहिला सरळ बदल, आज जुनी, उद्यापासून नवी. एका जातीच्या दोन गोळ्या असतील, जसं एस्सिटालोप्रामवरून सर्ट्रालिन, तर हे खूपदा चालतं कारण नवी गोळी जुनीची जागा भरून काढते. दुसरा रस्ता, जुनी उतरवत जायची आणि त्याच वेळी नवी छोट्या डोसपासून चढवत जायची, काही दिवस दोन्ही चालू असतात पण कमी डोसमध्ये. एस्सिटालोप्रामवरून मिर्टाझापिनला जाताना असं करतात. ताईनं जे केलं ते हे नव्हतं, तिनं दोन्ही पूर्ण घेतल्या, फरक तिथंच आहे. तिसरा, जुनी हळूहळू पूर्ण बंद आणि मग नवी. चौथा, जुनी बंद, मधे काही दिवस किंवा आठवडे रिकामे आणि मग नवी.

कोणता रस्ता का, हे कळायला एक साधा हिशेब समजला की पुरे. प्रत्येक गोळी रक्तात निम्मी व्हायला ठरावीक वेळ घेते आणि असं पाचेक वेळा निम्मं झालं की ती शरीरातून जवळजवळ गेली असं धरतात. एस्सिटालोप्रामला निम्मं व्हायला साधारण ३० तास लागतात, म्हणजे सहा दिवसांत साफ. व्हेन्लाफॅक्सिनला ५ तास आणि तिच्यापासून शरीरात जे बनतं त्याला ११ तास, म्हणजे दोन-तीन दिवसांत गायब, म्हणूनच एखादा डोस चुकला तरी लोकांना त्याच दिवशी गरगरतं. आणि फ्लुऑक्सेटिन एकदम उलटी, ती स्वतः काही दिवस आणि तिच्यापासून बनलेला पदार्थ निम्मा व्हायलाच एक-दोन आठवडे घेऊ शकतो, म्हणजे गोळी बंद करून महिना होत आला तरी ती अंगात आहे. म्हणून फ्लुऑक्सेटिनवरून दुसरीकडं जाताना डॉक्टर चार-सात दिवस थांबवून नवी कमी डोसवर चालू करतात, तेव्हा 'मधे काहीच नाही दिलं, विसरले वाटते' असं समजून आपल्या मनानं भर घालू नका.

फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिनचं अजून एक आहे, या दोघी लिव्हरमधला एक रस्ता अडवून धरतात, त्यामुळं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, नॉर्ट्रिप्टिलिन अशा जुन्या जातीच्या गोळ्या रक्तात वाजवीपेक्षा जास्त साचतात. बीपीच्या मेटोप्रोलॉलचं पण तसंच, नाडी मंद पडते, चक्कर येते.

एमएओआय नावाच्या वेगळ्या जातीच्या डिप्रेशनच्या गोळ्या आपल्याकडं फार दिसत नाहीत, पण कुठं आल्याच तर तिथं रिकामे दिवस सक्तीचे आहेत, दोन्ही बाजूंनी १४ दिवस, आणि फ्लुऑक्सेटिननंतर ५ आठवडे. इथं घासाघीस नाही. क्लोमिप्रामिन ही जुन्या जातीची गोळी पण एस्सिटालोप्राम-सर्ट्रालिनच्या जातीच्या गोळीवर आपल्या मनानं चढवायची नाही.

ब्युप्रोपिऑनकडं जात असाल तर हे लक्षात ठेवा की ती सेरोटोनिनवर काम करत नाही, त्यामुळं जुनी सुटल्याचा त्रास ती झाकत नाही, जुनी सावकाशच उतरवावी लागते. फिट येण्याचा इतिहास असेल तर ही गोळी नकोच, डॉक्टरांना आधी सांगा.

उतरवायचं कसं, तर शेवटच्या पायऱ्या छोट्या पाहिजेत. लोकांना वाटतं २० वरून १० केलं ते मोठं काम झालं, आता ५ वरून शून्य म्हणजे काय, काहीच नाही. मेंदूच्या बाजूनं उलटं आहे. कमी डोसवरच गोळीचा असर भराभर वाढतो आणि वरच्या डोसवर तो हळूहळूच वाढतो, त्यामुळं २० वरून १० ला जितकं जाणवतं त्यापेक्षा ५ वरून शून्यला जास्त जाणवतं. कित्येक जण शेवटच्या पायरीवरच घसरतात. वर्षानुवर्षं घेतलेली असेल तर डॉक्टरांना म्हणा की शेवट अजून हळू करू. फक्त गोळी अर्धी करण्याआधी आम्हाला विचारा, 'सीआर', 'एक्सआर', 'ईआर' लिहिलेली गोळी तोडायची नाही, कुटायची नाही, ड्युलोक्सेटिनची कॅप्सूल उघडायची नाही, ती दिवसभर हळूहळू सुटायला किंवा पोटातल्या आम्लापासून वाचायला तशी बनवलेली असते. मधे रेघ असलेली साधी गोळी तोडता येते.

चौथं पाऊल: तारखांचा कागद

ताईचं दुसऱ्यांदा कसं झालं ते सांगतो. दोन्ही बंद करून आठवडा गेला, जुनी अंगातून निघून गेली, मग डॉक्टरांनी व्हेन्लाफॅक्सिन एकटीच ३७.५ पासून चालू केली आणि आठवड्यानं ७५. (हे तिचं होतं, तुमचं वेगळं असेल, हे उचलून वापरू नका.) या वेळी मी सोबत गेलो होतो. वहीचं एक पान मधोमध रेघ मारून नेलं, डावीकडं 'जुनी', उजवीकडं 'नवी', आणि डाव्या कडेला पुढच्या २१ तारखा आधीच लिहून ठेवल्या. डॉक्टरांना म्हटलं सर फक्त यात भरून द्या. दोन मिनिटं लागली त्यांना. डावीकडच्या सगळ्या रकान्यांत त्यांनी फुली मारली आणि ताईला दाखवून म्हणाले, ही बाजू पूर्ण रिकामी. ताई त्या फुल्यांकडं बराच वेळ पाहत बसली होती.

तो कागद फ्रिजवर लावला, रोज गोळी घेतली की तारखेवर टिक. त्याच कागदावर खाली अजून तीन गोष्टी लिहून घ्या. एक, डोस चुकला तर काय, बहुतेक वेळा उत्तर असतं की दुसऱ्या दिवशी डबल घ्यायचा नाही. दोन, त्रास झाला तर कोणाला फोन, क्लिनिक बंद असेल तेव्हाचा नंबर कोणता. तीन, पुढच्या भेटीची तारीख, आणि ती एक-दोन आठवड्यांतली पाहिजे, 'महिन्यानं या' म्हणाले तर विनंती करा की बदलाच्या काळात मधे एकदा फोनवर तरी बोलू द्या.

जुनी गोळी ज्या दिवशी संपते त्या दिवशी उरलेले पत्ते घरातून काढा. पोह्याच्या डब्यामागं, देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. हे काटकसरीचं ठिकाण नाही, मला खूप मनापासून सांगायचंय, अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या जातीच्या गोळ्या एकदम जास्त घेतल्या तर जीव जातो, आणि उदास माणसाच्या घरात तीन महिन्यांचा साठा पडून असणं चांगलं नाही. बदलाच्या काळात एका वेळी आठ-दहा दिवसांच्याच गोळ्या घ्या आणि त्या घरच्या कोणीतरी आपल्याजवळ ठेवा. स्वस्त पाहिजे असेल तर जनऔषधी केंद्रातून घ्या, फक्त एकदा जी कंपनी लागली तीच बदलाच्या काळात ठेवा, म्हणजे काही वाटलं तर ते कशानं वाटलं हा गोंधळ नको.

वेळ पण पाहून निवडा, जिथं निवडता येत असेल तिथं. पोळा, मारबत, गणपती, महालक्ष्म्या असं एकामागून एक असतं तेव्हा घरातल्या बाईनं गोळी बदलली तर तिला चक्कर येऊन राहिली हे कोणाला दिसतच नाही. परीक्षा, लग्न, लांबचा प्रवास, तसंच. पण तब्येत फारच वाईट असेल, जिवाचे विचार येत असतील, तर मुहूर्त पाहत बसू नका.

पाचवं पाऊल: पहिले पंधरा-वीस दिवस काय पाहायचं

जुनी सुटल्याचा त्रास बहुतेक वेळा दोन ते चार दिवसांत सुरू होतो. गरगरणं, मळमळ, सर्दी-तापासारखं अंग, विचित्र स्वप्नं, चिडचिड, रडू येणं, आणि एक खास लक्षण म्हणजे डोक्यात करंट लागल्यासारखा झटका, विशेषतः नजर इकडून तिकडं फिरवली की. ज्याला झालं नाही त्याला हे सांगून पटत नाही, पण ते खरं असतं, मेंदू खराब झालेला नसतो. बऱ्याच जणांचं आठवडा-दोन आठवड्यांत कमी होतं, काहींचं लांबतं, लांबलं तर डॉक्टर उतरवण्याचा वेग कमी करतात. ते दिवस गाडी चालवू नका, वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये तर नाहीच.

मग आजार परत आला की गोळी सुटल्याचा त्रास आहे हे ओळखायचं कसं? सुटल्याचा त्रास पटकन येतो, डोस कमी केल्यावर काही दिवसांत, आणि सोबत करंट, गरगरणं असं शरीराचं काहीतरी असतं. आजार परत येतो तो सावकाश, आठवड्या-आठवड्यानं, आणि तो तुमच्या ओळखीच्या रूपात येतो, ताईचं म्हणाल तर ती आधी पेपर वाचणं बंद करते, मग केस विंचरणं. प्रत्येक घराला आपल्या माणसाचं पहिलं लक्षण माहीत असतं, ते कागदावर लिहून ठेवा.

नवी गोळी मन हलकं करायला दोन ते सहा आठवडे घेते, पण तिचे साइड इफेक्ट पहिल्या दिवसापासून येतात. म्हणजे मधे असा एक काळ असतो की जुनीचा आधार गेला, नवीचा आला नाही आणि त्रास मात्र दोन्हीकडचा. हा काळ सगळ्यात कठीण. या दिवसांत, आणि २५ वर्षांखालच्या मुलामुलींमध्ये जास्त, बेचैनी वाढून जिवाचं काही करून घ्यायचे विचार येऊ शकतात. घरच्यांनी सरळ विचारा, "मरावंसं वाटते का?" विचारल्यानं विचार डोक्यात जात नाही, उलट सांगायला जागा मिळते. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि उलट, माणूस एकदम झोपेशिवाय पळायला लागला, भराभर बोलायला लागला, तर 'वा, गोळी लागू पडली' म्हणून खूश न होता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन असेल तर बीपी मोजत राहा. म्हाताऱ्या माणसाला नवी गोळी चालू झाल्यावर दोनेक आठवड्यांत सुस्ती, डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ, पडणं असं झालं तर सोडियम तपासा, विशेषतः बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर. साठी ओलांडलेल्यांनी एस्सिटालोप्राम किंवा सिटालोप्रामआधी ईसीजीचं पण विचारा.

आणि आपला उन्हाळा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे काय मी सांगायचं. पण काही गोळ्यांनी घाम खूप येतो, अ‍ॅमिट्रिप्टिलिन जातीच्या गोळ्यांनी उलट घाम कमी होतो म्हणजे अंग थंडच होत नाही, आणि लिथियम चालू असेल तर अंगातलं पाणी कमी झालं की ते रक्तात चढून विषारी होतं. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत गोळी बदलणं आलंच तर दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका, मीठ-साखर-पाणी किंवा पन्हं चालू ठेवा, फक्त हार्टचा-किडनीचा त्रास असेल तर मीठ-पाणी किती ते विचारून. कूलरसमोर बसून पण अंग भट्टीसारखं आणि बोलणं असंबद्ध असेल तर तो उष्माघात आहे की गोळीचा त्रास हे घरी ठरवत बसू नका.

कधी सरळ हॉस्पिटल गाठायचं

नवी चालू केल्यावर, डोस वाढवल्यावर किंवा दोन गोळ्या एकत्र पडल्यावर हे दिसलं तर, बहुतेक वेळा २४ तासांच्या आतच दिसतं: हात-पाय थरथरणं, पाय आपोआप उडणं, अंग आखडणं, घाम, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, छाती धडधड, खूप बेचैनी, ताप, गोंधळ. घरी एक पाहता येतं, पायाचा पंजा हातानं झटकन वर ढकलून धरा, तो आपोआप टक-टक-टक उडत राहिला तर थांबू नका. हा ताप स्नायूंच्या आखडण्यातून येतो म्हणून पॅरासिटामॉलनं उतरत नाही, ती देऊन रात्र काढू नका. याच्यावर सायप्रोहेप्टाडिन देतात, तीच जी आपल्याकडं भूक वाढवायला पोरांना देतात, पण ती कधी, किती आणि सोबत काय हे डॉक्टर ठरवतील, घरी देऊन वाट पाहू नका. फिट आली, माणूस बेशुद्ध पडला, जास्त गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय जरी आला तरी १०८ लावा.

सोबत सगळे पत्ते आणि तो तारखांचा कागद न्या. सरकारी मेडिकल कॉलेज असो, मेयो हॉस्पिटल असो की मिहानचं एम्स, इमर्जन्सीतल्या डॉक्टरला पहिला प्रश्न हाच असतो की काय काय घेतलं आणि कधी. ताईच्या वेळी आम्ही रिकाम्या हातानं गेलो होतो, जावयांना परत हिंगण्याला गोळ्या आणायला पाठवलं, त्यात पाऊण तास गेला.

अजून दोन गोष्टी. बाई प्रेग्नंट असेल किंवा तसा विचार असेल तर पॅरॉक्सेटिनबद्दल डॉक्टरांशी आधी बोला, पण घाबरून कोणतीच गोळी आपल्या मनानं बंद करू नका, आईचं डिप्रेशन उसळणं बाळासाठी पण वाईटच. आणि नवी गोळी लागू पडली, माणूस हसायला-बोलायला लागला, की दोन महिन्यांत 'आता काहून घ्यायची' म्हणून थांबवू नका, बरं वाटल्यानंतर निदान सहा महिने तरी ती चालू ठेवतात, आधी पण दोन-तीनदा आजार येऊन गेला असेल तर त्याहून जास्त.

ताईची सध्या व्हेन्लाफॅक्सिन ७५ चालू आहे, नऊ महिने झाले. मागच्या रविवारी गेलो तर चहा तिनंच आणून दिला. परतताना मला म्हणाली, पुढच्या महिन्यात डॉक्टर कमी करू म्हणाले आहेत, तू वहीचं पान रेघ मारून ठेव.